आधी माणूस बघू, मग वाढदिवस

वाचकाचं पत्र :

माझं वय सदतीस. चिंचवडला राहते. घरात नवरा, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. पुढच्या महिन्यात मुलीला आठ वर्षं पूर्ण होतील. आमच्या सोसायटीत हल्ली क्लबहाउस घेऊन वाढदिवस करतात. थीम, फुग्यांची कमान, जादूगार, रिटर्न गिफ्ट, सगळं असतं. मुलीला तसाच हवाय. वीस-बावीस हजारांचा अंदाज निघालाय. नवरा म्हणतो, देऊन टाकू कंत्राट. सासूबाई म्हणतात, औक्षण करा, शेवयांची खीर करा, झालं. त्यांचा स्वतःचा वाढदिवस आम्ही कधी केलेला नाही, कारण खरी तारीखच माहीत नाही. कागदोपत्री १ जून आहे.

शाळेत असताना मला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती. घरातल्या सगळ्यांची ग्रीटिंग मी हातानं करायचे. लग्नानंतर ते सुटलं. मध्यंतरी रंग आणले, कागद घेऊन बसले, पण काही सुचलंच नाही. सगळ्यांचे वाढदिवस मी करते आणि माझ्या वाढदिवसाचा केकही मीच ऑर्डर करते. येत्या श्रावणात मला अडतीस पूर्ण होतील. माहेरी तिथी पाळतात, म्हणून आई तिथीला फोन करते. इथं तारीख असते, आणि त्या दिवशीही सकाळी डब्यांचीच घाई असते. मुलीच्या वाढदिवसाचं काय करू? आणि ते सुचणं आता कुठून आणू?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर :

ताई,

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण पत्र पुन्हा वाचल्यावर मला ते एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसले. पत्रात क्लबहाउस आहे, कमान आहे, जादूगार आहे, खर्चाचा आकडा आहे. मुलगी सध्या कशात रमते, तिचा कुठला दात पडलाय, झोपताना उशाशी काय घेते, याबद्दल एकही वाक्य नाही. हा दोष म्हणून सांगत नाही. पाच माणसांचं घर चालवणाऱ्या बाईचं लक्ष कायम पुढच्या कामावर असतं, समोरच्या माणसावर ते ठरायला सवडच मिळत नाही. पण चित्राला हेच ठरलेलं लक्ष लागतं, आणि वाढदिवसालाही. वाढदिवस म्हणजे घरातल्या एकेका माणसाकडे नीट बघण्याचा हक्काचा दिवस, असं धरून चालू. मग मुलीचा प्रश्न आणि तुमच्या हाताचा प्रश्न एकत्रच सुटायला लागतील.

आधी मुलीचं, कारण तारीख जवळ आली आहे.

क्लबहाउस घेऊ नका. पैसे वाचतील हे खरंच, पण त्याहून मोठं कारण हे की कंत्राट दिलं की त्या संध्याकाळी तुम्हाला, नवऱ्याला, मुलाला, सासूबाईंना काही कामच उरत नाही. सगळेच पाहुणे होतात. त्याऐवजी मुलीला आज रात्री एवढंच विचारा, की मैत्रिणीच्या वाढदिवसात तुला सगळ्यात जास्त काय आवडलं? ‘तसाच हवा’ या शब्दांमागे सहसा एखादीच गोष्ट असते. ती कमान म्हणाली तर कमान करा. फुगे, दोरा आणि बारा वर्षांचा भाऊ एवढ्यात ती घरी होते. जादूगार म्हणाली तर तुमच्या मुलाला पत्त्यांच्या चार जादू शिकायला महिनाभर आहे, आणि या वयातल्या मुलांना असं काम मनापासून आवडतं. जे उत्तर येईल तेवढं करा, बाकीचं सोडून द्या.

पाहुणे आठच, आणि ते तिनं निवडायचे. बाकी वर्गाला शाळेत खाऊ वाटू दे, म्हणजे कुणाला डावलल्यासारखं होणार नाही. सोसायटीतल्या बायका काय म्हणतील याचा विचार तुमच्या मनात येईल. त्या दोन दिवस बोलतील. त्यांच्यातल्याच एक-दोघींना तुमचं बघून हायसंही वाटेल.

वेळ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पहिल्या तासात ठसेकाम. बाजारातून आठ-दहा कोऱ्या सुती पिशव्या आणि कापडावर चालणारे तीन-चार रंग आणा, भाजी घरातली चालेल. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचं फूल मिळतं. अर्ध्या कांद्याची वलयं उमटतात. कोबीचा उभा छेद झाडासारखा येतो. बटाटा अर्धा कापून त्यावर चांदणी, मासा, पान कोरायचं काम तुमच्या देखरेखीखाली मुलाकडे द्या. ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर रंग ओता आणि ठसा त्या स्पंजावर टेकवायला सांगा, म्हणजे रंग ओघळत नाही. भाजीचा कापलेला भाग आधी फडक्यानं कोरडा करून घ्या, ओला ठसा फिसकटतो. पिशव्या वाळल्या की उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा. प्रत्येक मूल आपण केलेली पिशवी घेऊन घरी जाईल. रिटर्न गिफ्टचा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसऱ्या तासात भेळ. कुरमुरे, शेव, कांदा, टोमॅटो, बटाटा, दोन चटण्या वेगवेगळ्या वाडग्यांत मांडा आणि ज्यानं त्यानं आपली भेळ आपण करायची. केक असू दे, मुलीला तो हवा असणारच. सासूबाईंची खीरही असू दे.

आता औक्षण. सासूबाईंशी मी इथे पूर्ण सहमत आहे. औक्षणात काय होतं ते बघा. पाटाभोवती रांगोळी काढून माणसाला वर बसवतात. तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. काही घरांत कापसासारखा पांढऱ्या केसांचा हो म्हणून डोक्यावर कापूसही ठेवतात. मग घरातल्या बायका पाळीपाळीनं समोर येतात आणि दिव्याच्या उजेडात तो चेहरा बघतात. वर्षातून एकदा, घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. एवढी सुंदर रीत हाताशी असताना आपण ती ‘फोटो काढा पटकन’ म्हणत उरकतो आणि सगळे मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहतात. फोटो एकच, तोही नवऱ्यानं काढायचा, बाकीचे फोन आतल्या खोलीत. मेणबत्ती फुंकण्यावरून सासूबाईंची कुरबुर असेल तर वेळा वेगळ्या करा. सकाळी शाळेत जायच्या आधी औक्षण, संध्याकाळी केक. तुमचं घर दोन्हीला पुरेसं मोठं आहे. पाटाभोवतीची रांगोळी मात्र तुम्हीच काढा, आणि मुलीला शेजारी बसवून काढा. कित्येक वर्षांत चित्र काढलं नाही असं तुम्ही लिहिलंत, तर हात तिथे मोकळा करून घ्या.

आता ज्या माणसाबद्दल तुम्ही पत्रात जाता जाता एक ओळ लिहिलीत, तिच्याकडे वळते. मला वाटतं तुमच्या घरातला सगळ्यात मोठा वाढदिवस तोच आहे.

कागदावर १ जून असलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी आहेत. त्या काळी गावाकडची बाळंतपणं घरीच व्हायची आणि जन्माची नोंद करायला फारसं कुणी जायचं नाही. पोराला शाळेत घालायची वेळ आली की मास्तर अंदाजानं वय धरायचे आणि शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहून टाकायचे. म्हणून आजही १ जूनला फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि ज्यांना त्या मिळतात त्यांच्यापैकी अनेकांना हा आपला दिवस नव्हे हे ठाऊक असतं. पण तारीख नसली तरी जन्म हरवलेला नसतो. त्यांच्या आयांनी तो दुसऱ्या खुणांनी लक्षात ठेवलेला असतो : पेरणी उरकली होती, पंचमीला माहेरी आले होते, कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते तेव्हा.

सासूबाईंना हे विचारा. ‘तुमची जन्मतारीख काय’ असं विचारलंत तर त्या १ जून सांगतील आणि बोलणं संपेल. ‘तुमची आई तुमच्या जन्माचं काय सांगायची’ असं विचारा. पाऊस होता का, शेतात काय होतं, कुठला सण जवळ होता, सुईण कोण होती, थोरला भाऊ केवढा होता, गावात त्या वर्षी काय घडलं. एका बैठकीत सगळं येणार नाही. भाजी निवडताना, दुपारच्या चहाला, थोडं थोडं येईल. त्यांची एखादी थोरली बहीण किंवा आत्या हयात असेल तर तिला फोन लावा, मोठ्या बहिणींना धाकटीचा जन्म नीट आठवतो.

खुणा मिळाल्या की शोधणं अवघड नाही. उदाहरण देते. तुमच्या सासूबाईंचं वय मला माहीत नाही, पण समजा त्या पासष्टीच्या आसपास आहेत आणि त्यांची आई म्हणायची, ‘पुण्याला पूर आला त्या आषाढात, बारस सोडायला बसलो आणि तू झालीस.’ पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तो १२ जुलै १९६१ ला. म्हणजे वर्ष हातात आलं. बारस म्हणजे आषाढी एकादशीचा दुसरा दिवस, ही झाली तिथी. त्या वर्षीची आषाढी जुलैच्या चौथ्या आठवड्यात होती, जुनं पंचांग उघडलं की दिवसही मिळतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्याच्या आगेमागे जन्मलेल्यांनाही असाच माग काढता येतो. आधार कार्डावर १ जून राहू दे, त्याला हात लावायची गरज नाही. घरात मात्र खरा दिवस धरा. आणि तिथी सापडली, तारीख सापडली नाही, तरी काही बिघडत नाही. बारस दर वर्षी येते. तेवढीही नक्की खूण मिळाली नाही तर त्यांना आवडेल तो दिवस त्यांनीच ठरवावा.

या शोधात नातवंडांना घ्या. मुलाच्या हातात पंचांग आणि वही द्या. आजीला पाटावर बसवून नातवंडं ओवाळतील तेव्हा त्या ‘माझं कसलं करता’ म्हणतील. तुम्ही करा.

आणि इथूनच तुमच्या चित्रांकडे येते.

तुम्ही इंटरमिजिएट दिलेली आहे, म्हणजे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. रंग आणून कोऱ्या कागदासमोर तुम्ही बसलात तेव्हा मनातून काहीतरी नवं काढायला गेलात. ते झालं संकल्पचित्राच्या वाटेनं जाणं, आणि इतक्या वर्षांच्या खंडानंतर ती सगळ्यात अवघड वाट. वस्तुचित्रात सुचावं लागत नाही. तांब्या समोर असतो, फडकं समोर असतं, आपण बघायचं आणि हात चालवायचा. तिथून सुरुवात करा.

एक कोरी वही घ्या, हाताच्या पंज्याएवढी, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर मावेल अशी. साधं बॉलपेन. रंग नकोत, खोडरबर तर नकोच, तो हातात असला की तुम्ही चित्र काढण्यापेक्षा पुसतच बसाल. या वहीत वर्षाला पाच पानं सक्तीची : घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला एक. चेहरा काढू नका. चेहरा जमला नाही की माणूस लगेच वही मिटतो. त्या माणसाची रोजची एखादी वस्तू काढा. मुलीची टाचेला झिजलेली सँडल. मुलाच्या दप्तराची तुटकी चेन. नवऱ्याचं हेल्मेट. सासूबाईंचा चष्मा, तोही घडी घालून ठेवलेला, कारण उघड्यापेक्षा घडीचा चष्मा काढायला जास्त मजा येते. खाली तारीख आणि त्या दिवशी त्या माणसानं बोललेलं एखादं वाक्य, जसंच्या तसं. सँडलची झीज काढायला बसलात की मुलगी कुठल्या पायावर जास्त भार देते हे दिसेल. मी सुरुवातीला म्हटलेलं बघणं ते हेच.

पाच पानं सक्तीची, बाकीची मर्जीची. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत कोथिंबिरीची जुडी काढून होते. वेळ नाही हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच मोठ्या कागदाचा आणि रंगांचा नाद सध्या सोडा म्हणते. आपल्याकडच्या बायकांनी कायम अशाच फटींमध्ये रचलं आहे. जात्यावरच्या ओव्या घ्या. पहाटे दळताना, हात कामात असताना रचलेल्या, थोड्याच ओळींच्या. भाऊ, लेक, सासर, माहेर, पाऊस, पंढरी, घरातलं सगळं त्यांत आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या बायकांना स्वतंत्र खोली नव्हती, कुणी मोकळा रविवारही दिला नव्हता. हे मी तुम्हाला लाजवायला सांगत नाही. तुमच्याकडे जो तुटक वेळ आहे तो चित्रासाठी निरुपयोगी नाही, एवढंच दाखवायचं आहे. सासूबाईंच्या आईला ओव्या येत होत्या का, हेही विचारून बघा. एखादी त्यांना पाठ असेल तर त्यांच्या पानावर ती उतरवून घ्या.

स्मरणचित्राची पाळी नंतर येईल, आणि तीही सासूबाईंमुळेच. शाळेत भाजी मंडई, बसथांबा, गणपतीची मिरवणूक असे विषय यायचे ना? आता विषय त्या देतील. त्यांचं माहेरचं घर कसं होतं, चूल कुठल्या बाजूला, गोठा कुठे, पाणी कुठून आणायचं, हे त्या सांगतील तसं तुम्ही काढा. त्या ‘छे, दार इकडं होतं’ म्हणतील, तुम्ही दुसऱ्या पानावर पुन्हा काढा. कदाचित त्या पेन तुमच्या हातातून घेऊन स्वतःच काढतील. त्यांच्या पिढीच्या बायकांचा हात रांगोळीवर बसलेला असतो. चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढणाऱ्या बाईला रेषा शिकवावी लागत नाही. तुमच्या घरात आणखी एक चित्र काढणारी बाई असण्याची बरीच शक्यता आहे.

एक विनंती. ही वही वर्षभर तरी कुणाला दाखवायची म्हणून भरू नका. मोबाइलवर टाकू नका. शेजारीण ‘माझ्या पोरीसाठी कार्ड करून दे ना’ म्हणाली तर सध्या नाही म्हणा. तुमच्या अंगावर दुसऱ्यांसाठी करायची कामं आधीच भरपूर आहेत, चित्र त्या यादीत जाऊ देऊ नका.

राहिला तुमचा स्वतःचा वाढदिवस. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. घरच्यांनी आपण होऊन ओळखावं, ही वाट बघणं आता सोडा. आजवर त्यांना ओळखायची वेळच आली नाही, कारण केक दर वर्षी वेळेवर हजर होता, तुम्हीच मागवलेला. या वर्षी मागवू नका आणि गप्पही बसू नका. आठवडाभर आधी जेवणाच्या ताटावर स्पष्ट सांगा : माझा वाढदिवस अमुक तारखेला आहे, त्या दिवशी डबे तू करायचे, संध्याकाळचं मुलांनी बघायचं आणि मला सकाळचे दोन तास हवेत. नवऱ्याचं नाव घेऊन, कामाचं नाव घेऊन सांगा. ‘देऊन टाकू कंत्राट’ म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला मदत करायची असते, पण कशी ते त्याला पैशांपलीकडे माहीत नसतं. त्याला काम द्या. डब्यात पोळी जाड झाली तर मुलं एक दिवस जाड पोळी खातील.

आणि या वर्षी एक गंमत जुळून येणार आहे. एकोणीस सौरवर्षं आणि दोनशे पस्तीस चांद्रमास यांची लांबी जवळपास सारखी भरते, फरक सुमारे दोन तासांचा. म्हणून एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकाच दिवशी किंवा फार तर एखाद्या दिवसाच्या फरकानं येतात. तुम्हाला अडतीस पूर्ण होतायत. आईची तिथी आणि सासरची तारीख यंदा एकत्र येतील. पंचांग उघडून खात्री करा आणि शक्य असेल तर आईला त्या दिवशी चिंचवडला बोलावून घ्या. औक्षण आई आणि सासूबाई दोघींनी करावं, पाटावर तुम्ही बसायचं.

सकाळचे दोन तास घरात काढू नका, घरात असलात की कुणीतरी हाक मारेलच. वही घेऊन मोरया गोसावींच्या देवळाकडे जा, पवनेचा घाट आहे, श्रावणात नदीला पाणी असेल. छत्री न्या. तिथे बसून वहीतलं तुमचं स्वतःचं पान करा. स्वतःची वस्तू कोणती काढायची हे मी सांगणार नाही, ते तुम्ही ठरवा.

ती सकाळ यायला अजून अवकाश आहे. या आठवड्यात दोनच कामं करा. मुलीला तो एक प्रश्न विचारा आणि रविवारी दुपारी सासूबाईंशेजारी भाजी निवडायला बसून त्यांच्या आईची गोष्ट काढा. क्लबहाउससाठी आगाऊ रक्कम भरली असेल तर ती परत मिळते का, हे नवऱ्याला आजच विचारायला सांगा.